भोंगऱ्या म्हणजे पळून जाण्याचा बाजार नव्हे (आणि थोडं काठीच्या होळीबद्दल)

सातपुडी

गेल्या आठवड्यात ऑफिसात चहाच्या वेळी एका सहकाऱ्याने मोबाईल पुढे केला. "हे तुमच्याकडचं ना रे? मुलाने मुलीच्या गालाला गुलाल लावला, तिनेही लावला, की दोघं पळून जातात म्हणे!" व्हिडिओत ढोल, घुंगरू, रंगीत लुगड्यातल्या मुली आणि खाली तीच ठरलेली ओळ: आदिवासींचा प्रेमाचा बाजार.

मी भिल्ल आदिवासी. गाव नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यात. माझी आई दर वर्षी भोंगऱ्याला जायची ती दाळ्या आणि गूळ आणायला. पहाटे निघायची, डोंगर उतरून-चढून दिवेलागणीला परत, डोक्यावर पाटी. त्या बाईच्या मुलाला असा व्हिडिओ दाखवल्यावर काय वाटत असेल ते तुम्हीच बघा. तिथे काही बोललो नाही. चहा मात्र गार झाला. म्हणून हा धागा.

होळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या भागातला प्रत्येक आठवडे बाजार भोंगऱ्या होतो. धडगावचा त्याच्या वारी, मोलगीचा त्याच्या वारी. सीमेपलीकडे झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडे यालाच भगोरिया म्हणतात. वार तोच, जागा तीच, पण गर्दी एरवीच्या कितीतरी पट. कारण साधं आहे. होळीला जे लागतं ते सगळं एकाच दिवशी घ्यायचं असतं: दाळ्या, गूळ, खजूर, साखरेचे हार-कडे, खोबऱ्याच्या वाट्या, घुंगरू, आरसे, रंगीत कागद. हल्ली काळे गॉगलही. त्यात आमची निम्मी माणसं दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला नाहीतर सुरतेकडे बांधकामावर गेलेली असतात. दिवाळीला न आलेला माणूस होळीला येतोच. चार महिन्यांनी भाऊ भेटतो, लग्न करून दिलेली बहीण भेटते. मग ढोल वाजणार नाही तर काय होणार?

आता होळी. आमच्याकडे ती एका रात्रीत आटपत नाही. सगळ्यात आधी डाबला पेटते, तिला देवाची होळी म्हणतात. डाब हे आमच्या देवांचं मूळ गाव, याहा मोगी आणि राजा पांठा यांचं. त्यानंतर वेगवेगळ्या गावांचे दिवस वेगवेगळे, म्हणजे या गावचा माणूस त्या गावच्या होळीला जाऊ शकतो. पौर्णिमेची रात्र काठीची. काठी मोलगीजवळ आहे. खानदेशातल्या मेवासी, म्हणजे डोंगरातल्या छोट्या सरदारांच्या, संस्थानांपैकी ते एक, म्हणून तिला राजवाडी होळी म्हणतात. बातम्यांत १२४६ हे साल ठरलेलं असतं. गावातले म्हातारे सालात पडत नाहीत, ते नावं घेतात. राजा पांठा, गांडा ठाकूर. त्यांनी सुरू केली, आम्ही चालवतो, एवढंच.

होळीचा दांडा म्हणजे बांबू. साधासुधा नाही, सत्तर फुटांच्या आसपासचा, सरळ, शेंडा शाबूत असलेला. तो गुजरातच्या जंगलातून माणसं खांद्यावर घेऊन येतात. ज्या खड्ड्यात उभा करायचा तो हाताने खोदतात, कुदळ-फावडं लावत नाहीत. शेंड्याला खजूर, खोबरं, हार-कडे बांधतात. मग रात्रभर ढोल. पेटवतात ती पहाटे, पाचच्या सुमाराला. तोवर हजारो माणसं डोंगरांतून चालत आलेली असतात, प्रत्येक गावाचा आपला ढोल, आपला घोळका. दांडा जळून कलला की जमिनीला टेकायच्या आत त्याचा शेंडा तोडायचा असतो. तो क्षण बघायला लोक झाडांवर चढलेले असतात. उजाडल्यावर राख कपाळाला लावायची आणि घरची वाट धरायची. पुढे गावोगावी मेलादे, म्हणजे होळीनंतरचे मेळे, भरतात, पोरं फाग, म्हणजे होळीचे पैसे, मागत फिरतात, ते चार-पाच दिवस चालतं. रंग खेळणं यात कुठे नाही.

त्या मोरपिसांच्या टोपातल्या माणसांबद्दल सांगायचं राहिलं, आणि खरं तर मला तेच सांगायचं होतं. व्हिडिओवाले त्यांना 'नर्तक' म्हणतात. ते नर्तक नाहीत. ते नवस फेडणारे आहेत. त्यांना बावा किंवा बुध्या म्हणतात. अंगावर राखेचे किंवा तांदळाच्या पिठाचे पांढरे ठिपके, कमरेला वाळवलेले दुधी आणि मोठाले घुंगरू, डोक्यावर टोप. कोणी धनुष्यबाण घेतलेला धानका डोको असतो, कोणी तोंडाला काळं फासून हातात चाटू घेतलेली काली असते. काली पुरुषच होतो. त्यांचा पुढारी तो मोरखी. या सगळ्यांनी होळीआधी काही दिवस पालनी पाळलेली असते. खाटेवर झोपायचं नाही, जमिनीवर झोपायचं. खुर्चीवर बसायचं नाही. अंघोळ नाही. बाईमाणसापासून लांब राहायचं, आपलं जेवण आपण रांधायचं.

मी चार वर्षांचा असताना तापाने पडलो. मोलगीचा दवाखाना झाला, अक्कलकुव्याचा झाला, ताप उतरेना. बाबांनी होळीला बोललं, पोरगा उठला तर पाच वर्षं बावा होईन. मी उठलो. पाचही वर्षं त्यांनी पालनी पाळली. आमच्या झोपडीवर दुधीचा वेल होता, त्यातले चार-पाच दुधी आई भाजीला तोडू द्यायची नाही, ते बाबांच्या कमरेचे. वाळले की आत बिया खुळखुळायच्या. पाचव्या वर्षी मला काठीला नेलं. पांढऱ्या ठिपक्यांतला तो माणूस माझा बाप आहे हे मला कळेना. कळलं तेव्हा मोठ्याने हाक मारली, त्याने मान वळवली नाही. घरी आल्यावर रुसून विचारलं तर म्हणाला, "एवढ्या ढोलात ऐकू कुठं येतंय!"

यंदा मी बावा होणार आहे. मुलगी सातव्या महिन्यात झाली, बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. तेव्हा रात्री दवाखान्याच्या जिन्यात बसून मीही बोललो होतो. बायको म्हणते, तू आणि तुझे बाबा, होळीला उधारीत ठेवायची तुमची सवयच आहे.

खानदेशी तडका

भाऊ, झकास लिखेल शे!

आमचं गाव धुळ्याकडचं. लहानपणी मामाच्या गावाला शहाद्याला गेलं की होळीच्या आठवड्यात रस्त्यात दोर धरून पोरं उभी असायची. मामा शिव्या घालत घालत पैसे काढायचा आणि पुढे गेल्यावर हसायचा. तो फाग होता हे आज कळलं.

एक प्रश्न. दाळ्या म्हणजे आपले फुटाण्याचं डाळं तेच ना?

सातपुडी

हो, तेच. गुळाच्या खड्याबरोबर. त्या दिवसांत आमच्याकडे कोणाच्याही घरी जा, आधी दाळ्या-गूळ हातावर, मग पाणी.

तिरकस

लेख छान आहे, पण थोडं भावनिक वाटलं. भगोरियात पळून जाणं ही निव्वळ बाहेरच्यांनी रचलेली गोष्ट आहे, असं म्हणायचंय का? मी बऱ्याच ठिकाणी वाचलंय. मुलगा पान देतो, मुलीने खाल्लं तर होकार. धूर दिसतो तर आग असणारच. आणि त्यात वाईट काय आहे? उलट आमच्याकडे कांदेपोहे खाऊन पत्रिका जुळवतात, त्यापेक्षा हे कितीतरी पुढारलेलं. तुम्हाला अभिमान वाटायला हवा.

सातपुडी

तिरकस, तुमचा मुद्दा समजतो. तो कौतुकाने मांडलाय हेही समजतं. म्हणून नीट उत्तर देतो.

आमच्यात मुलगा-मुलगी पळून जातात का? जातात. वर्षभर जातात. भोंगऱ्यातून जातात, लग्नातून जातात, ऊसतोडीच्या टोळीतूनही जातात. मग दोन्हीकडची माणसं आणि पंच बसतात, देज ठरतं, कधी दंड ठरतो, आणि लग्न लागतं. देज मुलाकडून मुलीच्या बापाला जातं, उलट नाही. म्हणजे पळून जाण्याला आमच्याकडे वाट आहे, त्यावरून सहसा कोणी मुलीला मारून टाकत नाही. यात सांगण्यासारखं खूप आहे आणि मला त्याची लाज नाही.

पण ती झाली लग्नाची रीत. तिचा बाजाराशी संबंध तेवढाच जेवढा तुमच्याकडच्या गणपतीच्या मांडवाचा प्रेमप्रकरणांशी. मांडवात किती जणांचं जुळतं! म्हणून गणेशोत्सवाला कोणी 'जोडीदार निवडण्याचा उत्सव' म्हणतं का? आणि या गोष्टीचा परिणाम कागदावर राहत नाही. ती वाचून आलेली पोरं बाजारात मुलींच्या तोंडापुढे कॅमेरा धरतात, गुलाल घेऊन अंगावर येतात. माझ्या चुलत बहिणीने दोन वर्षांपूर्वी भोंगऱ्याला जायचं सोडलं. दाळ्या आता तिचा नवरा आणतो.

तिरकस

गणपतीच्या मांडवाचं मान्य. माझं स्वतःचंच तिथे जुळलंय. :)

बहिणीचं वाचून वाईट वाटलं. मागे घेतो.

कुतूहल

मला एक प्रामाणिक शंका आहे, राग मानू नका. होळी म्हणजे होलिका आणि प्रल्हाद. तुमच्या लेखात प्रल्हादाचं नाव कुठेच नाही. मग ही तीच होळी की वेगळी?

सातपुडी

राग कसला! मला स्वतःला पाचवीच्या पुस्तकात प्रल्हाद भेटला तेव्हा नवल वाटलं होतं, की आपल्या होळीत हा कुठून आला.

आमच्याकडच्या गाण्यांत होळी जळून मेलेली राक्षसीण नाही. ती आई आहे, पाहुणी आहे. ती येते, तिला नैवेद्य दाखवायचा, तिच्याभोवती नाचायचं, तिला पोचवायचं. आमच्या नवसाला ती पावते. जिच्याकडे लेकराचा जीव मागायचा तिला दुष्ट कसं म्हणायचं? तिथी एक आहे, आग एक आहे. गोष्ट एक नाही.

धर्मो रक्षति

हेच ते फूट पाडणारे उद्योग. होळी एकच, सगळ्या हिंदूंची. वनवासी बांधवांना मुद्दाम वेगळं काढायचं...

घाटमाथा

झालं सुरू. कोणी वेगळं काढलं हो? तो माणूस स्वतःच्या घरात काय म्हणतात ते सांगतोय. कोकणात शिमग्याला पालखी घरोघर नाचवतात, तिथेही प्रल्हाद शोधून दाखवा.

धर्मो रक्षति

कोकणाची गोष्ट वेगळी.

घाटमाथा

का बरं वेगळी? :)

संपादक मंडळ

यापुढचे सात प्रतिसाद काढले आहेत. धागा भोंगऱ्या आणि काठीच्या होळीबद्दल आहे. बाकीच्या वादासाठी वेगळा धागा काढावा. आणि 'आदिवासी' शब्द धागाकर्त्याने स्वतःसाठी वापरला आहे, तो दुरुस्त करायला कोणी जाऊ नये.

मेळघाटची पोर

सातपुड्याच्या दुसऱ्या टोकावरून रामराम! मी धारणीची, घरी कोरकू आणि मराठी दोन्ही बोलतात. आमच्याकडं बी होळीच मोठा सण, दिवाळी नाही. सुरतेला असो की अमरावतीला, होळीला माणूस गावात पाहिजेच.

तुमचा फाग तो आमचा फगवा. होळीनंतर पाच दिवस धारणीच्या बाजारात, रस्त्यात, कुठंबी टोळी आडवी येते, नाचते, गाते, पैसे घेतल्याशिवाय सोडत नाही. साहेब लोकांच्या गाड्याबी थांबवतात. माझे वडील सरकारी नोकरीत होते, ते त्या दिवसांत खिशात सुट्ट्या पैशांची थैलीच ठेवत.

आन प्रल्हादाचं म्हणाल तर आमच्याकडची गोष्ट ऐका. कोरकू लोक होळीत मेघनाथाला पुजतात. रावणाचा पोरगा, तोच. उंच लाकडी खांब उभा करतात, नवस फेडतात, जत्रा भरते. शाळेत रामायण शिकवताना गुरुजी मेघनाथाला मारायचे तेव्हा आमच्या वर्गात कोणी टाळ्या वाजवत नसे.

कुतूहल

शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. हे मला माहीतच नव्हतं.

डांगी

गुजरातकडून थोडी भर. आमच्या आहव्याला होळीच्या आधी डांग दरबार भरतो. डांगातल्या पाच राजांना त्या दिवशी सालियाणा देतात, आजसुद्धा. इंग्रजांनी १८४२ साली जंगलाचा भाडेपट्टा केला, तिथून ही परंपरा आली. देशातल्या बाकीच्या राजांचे तनखे १९७१ मध्ये बंद झाले, यांचे चालू राहिले. रक्कम ऐकाल तर हसाल, पण बग्गीतून मिरवणूक निघते. बाजार तोच, तुमच्या भोंगऱ्यासारखा. आमच्याकडेही लोक होळीची खरेदी तिथेच करतात.

काठीला तीन वेळा आलोय. देवगोईचा घाट रात्री चढताना समोर डोंगरात माणसांच्या हातातल्या उजेडाची रांग दिसते, ती मी विसरणार नाही.

भटक्या कॅमेरा

मी गेल्या वर्षी फोटो काढायला गेलो होतो. अप्रतिम! पण नाराजीही नोंदवतो. एका बावाला जरा बाजूला उजेडात उभं राहायला सांगितलं, टोप सरळ करायला म्हणून हात लावला, तर दोघा-तिघांनी मला अक्षरशः बाहेर काढलं. पाहुण्यांशी असं वागतात? पर्यटन वाढवायचं असेल तर हे बरोबर नाही.

सातपुडी

भटक्या, तुम्ही पालनीतल्या माणसाच्या टोपाला हात लावलात. तो सात दिवस कोणाला स्वतःला शिवू देत नाही, जमिनीवर झोपतो, स्वतः रांधून खातो, ते एका रात्रीसाठी. तुम्हाला बाहेर काढलं म्हणजे फारच सांभाळून घेतलं.

आणि पर्यटन वाढवायचंय असं गावात कोणी म्हणत नाही. लोक आले तर येऊ द्यात, जागा मोठी आहे. फोटो काढा, लांबून काढा. ड्रोन आणू नका. दांडा कलला की सगळ्यांची मान वर असते, तेव्हा वर घूं घूं करणारं यंत्र दिसलं की माझी मावशी त्याला अशा शिव्या देते की इथे लिहिता येणार नाहीत.

भटक्या कॅमेरा

पालनीबद्दल खरंच माहीत नव्हतं. माझ्या फोटोखाली मी 'नर्तक' लिहिलंय, ते बदलतो.

हिरवळ

एवढा मोठा बांबू दर वर्षी तोडायचा, वर लाकडं जाळायची. पर्यावरणाचं काय?

घाटमाथा

हिरवळताई, एक बांबू. आख्ख्या डोंगररांगेतल्या माणसांसाठी एक. आमच्या सोसायटीत तीन विंगच्या तीन होळ्या पेटतात आणि एकमेकांकडे कोणी फिरकत नाही.

सातपुडी

घाटमाथा, तीन विंग तीन होळ्या :) दांड्याव्यतिरिक्त लाकूड असतंच, खोटं कशाला बोलू. पण बांबू तोडला तरी बेट मरत नाही, पुढच्या पावसात नवे कोंब येतात. ते बेट राखणारी माणसंही तीच. आमच्याकडे डोंगर बोडके झाले ते होळीने नाही, एवढंच म्हणतो.

नर्मदाकाठ

हा धागा तीन दिवस वाचतोय, लिहावं की नाही कळत नव्हतं.

आमचं गाव नर्मदेच्या काठावरचं होतं. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं गेली, त्यातलं एक. आता आम्ही तळोदा तालुक्यात पुनर्वसन वसाहतीत राहतो. सपाट जमीन, सरळ गल्ल्या, घरांना नंबर.

पहिल्या वर्षी होळी कुठे पेटवायची यावरून मोठी पंचाईत झाली. जुन्या गावात होळीची जागा ठरलेली होती, आजोबाच्या आजोबापासून तीच. इथे वसाहतीच्या नकाशात शाळा होती, समाजमंदिर होतं, स्मशान होतं. होळीची जागा नव्हती. साहेब म्हणाले, शाळेच्या मैदानात पेटवा. आजोबा म्हणाले, मुलांच्या खेळायच्या जागेत खड्डा कशाला. शेवटी वसाहतीच्या कडेला, एका शेताच्या बांधाजवळ जागा केली. आजोबा आणि आणखी दोघं बोटीने जुन्या गावाकडे गेले. जागा तेव्हा अजून पूर्ण बुडाली नव्हती. तिथली माती गोणीत भरून आणली आणि नव्या खड्ड्यात घातली. मी सोबत होतो. गोणी जड होती, बसच्या टपावर टाकली तर कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं. आजोबांनी ते तिकीट जपून ठेवलं होतं.

आता आमच्या होळीला बाजूच्या गावातले गुजर, पाटील शेतकरीपण बघायला येतात. ढोल आमचाच असतो. दांडा मात्र वरून, डोंगरातून आणतो. सपाटीवर तसा बांबू नाही.

खानदेशी तडका

ते लगेजचं तिकीट... काय बोलू.

मेळघाटची पोर

आमच्याकडंबी गावं उठवली, वाघासाठी. तिथल्या मेघनाथाच्या खांबाचं काय झालं हे मी कधी विचारलंच नाही. घरी फोन करून विचारते.

सातपुडी

नर्मदाकाठ, तुमच्या आजोबांना माझा जोहार सांगा.

तिरकस

आता जरा हलकं. सातपुडी, पालनीत सात दिवस अंघोळ नाही म्हणालात. मग ऑफिस? रजा मिळाली का? की घरून काम, कॅमेरा बंद?

सातपुडी

हाच माझा सध्याचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. वरिष्ठांनी विचारलं, "होळीची तर एकच सुट्टी असते, आठ दिवस कशाला?" मी म्हटलं, नवस आहे. "मग नंतर कधीतरी फेडता येणार नाही का?" शेवटी खरं ते सांगितलं, की येऊ शकतो, पण सात दिवस अंघोळ न करता येईन आणि खुर्चीवर बसणार नाही. रजा लगेच मंजूर झाली.

घाटमाथा

:D :D हा प्रतिसाद मनुष्यबळ विभागाच्या भिंतीवर लावायला हवा.

गृहिणी पुणे

एक विचारते. दारूचं काय? आमच्या कामवाल्या मावशी नवापूरकडच्या, त्या म्हणतात होळीत सगळे पितात. लहान मुलीला घेऊन जाणार आहात म्हणून विचारलं.

सातपुडी

ताई, मोहाची असते, आधी थोडी जमिनीवर शिंपडायची, पूर्वजांची, मग आपण. नाही म्हणणार नाही. पण सगळेच पितात हेही खरं नाही. तळोद्याकडच्या गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात दारू सोडायची चळवळ चालवली. ते लोक आजही भेटले की 'आप की जय' म्हणतात, आणि त्यांच्या घरात थेंब नसतो. माझं आजोळ त्यातलं. बावा होणाऱ्याने तर पालनीत शिवायचीच नाही. मुलगी आईजवळ आणि माझ्या आईजवळ असेल. तिच्या कानात कापूस घालायचा, ढोल फार मोठे असतात.

तिरकस

शेवटची शंका. माझ्यासारखा माणूस आला तर चालेल का? कॅमेरा आणणार नाही. नुसता बघेन. कसं यायचं?

सातपुडी

या की. नंदुरबारला रेल्वेने उतरा, सुरत-भुसावळ मार्गावर आहे. तिथून तळोद्यावरून अक्कलकुवा, मग घाट चढून मोलगीच्या रस्त्याला काठी. घाटात रात्री गाड्यांची रांग लागते, दुपारीच वर या. थंडी वाजते, मार्च आहे म्हणून फसू नका, अंगावर घ्यायला आणा. जेवणाची काळजी नको, कोणाच्याही घरासमोर उभे राहिलात की दाळ्या-गूळ मिळेल. मला शोधू नका, मी ओळखू येणार नाही. माझ्या भावाचा नंबर निरोपात पाठवतो.

उद्या निघतोय. आता इथे आठ दिवस नाही.

गृहिणी पुणे

मुलीला आशीर्वाद.

नर्मदाकाठ

जोहार. दांडा नीट पडो.

भटक्या कॅमेरा

फोटोखालची ओळ बदलली. 'बावा, काठी' एवढंच ठेवलंय.

सातपुडी

काल रात्री पुण्यात पोचलो. दोन वेळा अंघोळ केली, तरी कानामागची राख अजून निघतेय.

दांडा नीट पडला. शेंडा वेळेत तोडला, मी खालीच होतो पण मला दिसलं नाही. डोक्यावर टोप असला की मान वर करता येत नाही, हे बाबांनी आधी सांगितलं नव्हतं. कमरेच्या दुधींनी मांड्यांना दोन्ही बाजूंनी काळे-निळे डाग पडलेत. पाय सुजलेत. पाच वर्षांचा नवस बोललो होतो, त्यातलं एक झालं. मुलगी पूर्ण रात्र झोपली. दांडा पडला तेव्हाही झोपली. दाळ्या मात्र उठल्याबरोबर मागितल्या, दात चारच आहेत.

सहकाऱ्याला गूळ-दाळ्या नेऊन दिल्या, म्हटलं, हा घे तुझा प्रेमाचा बाजार. त्याने खाल्ल्या. दुसऱ्या मूठभर मागितल्या.

तिरकस, तुमचा गॉगल माझ्याकडेच राहिलाय. पहाटे धुराने डोळे उघडेनात म्हणून भावाने कोणाकडून तरी मागून आणला आणि माझ्या डोळ्यांवर चढवला, तो तुमचा होता हे नंतर कळलं. त्याच्या एका काडीवर पांढरे ठिपके पडलेत, पुसले तरी जात नाहीत. कुठे आणून देऊ ते सांगा.

तिरकस

असू द्या. चार वर्षं अजून लागेल तुम्हाला.